बोस्टनचा चहा आणि वैनगंगेचा मुलूख

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय घेतला आहे. लाखांदूरच्या पालकांना, धानाच्या बांधीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर दिवस काढणाऱ्या माणसांना, अडीचशे वर्षांपूर्वीची अमेरिका कशासाठी सांगायची, असा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. मुलांनाही हा धडा म्हणजे सनावळ्यांची माळ वाटते. १७६५, १७७३, १७७६, १७८३ हे आकडे पाठ करायचे, उत्तरपत्रिकेत उतरवायचे आणि घरी आल्यावर विसरून जायचे.

माझे म्हणणे असे आहे की, हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. ज्या कंपनीचा चहा बोस्टनच्या समुद्रात फेकला गेला, त्याच कंपनीशी जवळजवळ त्याच वर्षांत पुणे, म्हैसूर आणि नागपूर यांचा झगडा चालू होता. आपला हा वैनगंगेकाठचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि त्या झगड्याच्या निकालात नागपूरचा वाटा मोठा होता. तिकडे वसाहती जिंकल्या. इकडे आपण हातात आलेला डाव घालवला. असे का झाले, आणि तिकडच्या विजयाचे फळ नेमके कोणाच्या वाट्याला आले, या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

वसाहती कशा बसल्या

सन १६०० च्या डिसेंबरअखेर लंडनमधील व्यापाऱ्यांना राणी एलिझाबेथने पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली. हीच ईस्ट इंडिया कंपनी. त्यानंतर सात वर्षांनी, १६०७ मध्ये, दुसऱ्या एका इंग्रज कंपनीने अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाउन वसवले. हिचे नाव व्हर्जिनिया कंपनी. म्हणजे इंग्रज आपल्याकडे आले ते कंपनीच्या रूपाने, आणि तिकडेही कंपनीच्याच रूपाने. १६२० मध्ये धर्माच्या कारणाने इंग्लंड सोडलेले लोक प्लिमथला उतरले. पुढे एकामागून एक वसाहती वाढत गेल्या. १७३३ मध्ये जॉर्जियाची वसाहत बसली आणि तेरांचा आकडा पुरा झाला. या जमिनी मोकळ्या पडलेल्या नव्हत्या. तेथे पूर्वापार राहणाऱ्या आदिवासी जमातींना मागे रेटून त्या घेतल्या गेल्या, हे विसरता कामा नये.

व्हर्जिनियाची भरभराट तंबाखूवर झाली. आपल्या जिल्ह्यात तेंदूपान आणि बिडी यांवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या आहेत. त्या बिडीत भरायची तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. शेजारच्या भिवापूरच्या मिरचीचे मूळही त्याच खंडात आहे. तेव्हा अमेरिका आपल्या घरात केव्हाच आलेली आहे.

१६१९ या एकाच वर्षी व्हर्जिनियात दोन गोष्टी घडल्या. जुलैअखेर वसाहतवाल्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा प्रथम भरली. नंतर ऑगस्टमध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचा एक जथा किनाऱ्यावर उतरवून विकला गेला. लोकशाहीचे बी आणि गुलामीचे बी एकाच मातीत, एकाच हंगामात पडले. पुढच्या सगळ्या इतिहासात ही दोन रोपे शेजारी शेजारी वाढताना दिसतात.

शिक्षक म्हणून मला आणखी एक साल महत्त्वाचे वाटते. १६४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदा केला की, ज्या गावात पन्नास कुटुंबे असतील त्या गावाने लिहिणे-वाचणे शिकवणारा शिक्षक नेमावा, आणि शंभर कुटुंबांच्या गावाने वरच्या वर्गांची शाळा काढावी. मुलांना धर्मग्रंथ वाचता यावा हा त्यामागचा हेतू. परंतु एकदा अक्षर कळले की, माणूस फक्त धर्मग्रंथावर थांबत नाही. तो सरकारचा हुकूमही वाचतो, आणि तो का काढला असे विचारू लागतो.

एकाच वर्षाचे दोन कागद

आता १७६५ सालाकडे या. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले होते. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते. म्हणून मार्च १७६५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने स्टँप अॅक्ट केला. अमेरिकेतील दस्तऐवज, वर्तमानपत्रे, परवाने, इतकेच काय खेळायचे पत्ते, या सर्वांवर सरकारी छापाचा कर बसला. वसाहतींत मोठा गहजब झाला. लोकांचे म्हणणे साधे होते: ज्या पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, त्याला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार कोठून आला? विरोध इतका वाढला की, पुढच्याच वर्षी तो कायदा मागे घ्यावा लागला.

त्याच १७६५ च्या ऑगस्टमध्ये अलाहाबादला दिल्लीचा बादशहा शाह आलम याने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली. म्हणजे कोट्यवधी रयतेचा सारा वसूल करण्याचा हक्क एका व्यापारी कंपनीच्या हाती गेला. बादशहाने लिहून दिले आणि क्लाइव्हने घेतले. ज्या शेतकऱ्याने सारा भरायचा होता, त्याला कोणी विचारले नाही, आणि आपल्याला विचारायला हवे होते असे म्हणण्याचे साधनही त्याच्याजवळ नव्हते.

विद्यार्थ्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. तिकडे लहानशा कराने देश पेटला. इकडे तीन प्रांत हस्तांतरित झाले, आणि पाचच वर्षांत, १७७० मध्ये, बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे मेली, तरी कंपनीची वसुली चालूच राहिली.

बोस्टनला गेलेला तांदूळ

पुढे कंपनीच अडचणीत आली. कर्ज वाढले आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून राहिला. हा चहा भारतातला नव्हता, चीनमधला होता. आसामच्या मळ्यांना अजून साठ-सत्तर वर्षांचा अवकाश होता. कंपनीला सावरण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये कायदा करून तिला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त होणार होता, पण त्यावरचा कर कायम होता. स्वस्त चहा पिऊन तो कर मान्य करायचा की नाही, हा प्रश्न होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून सुमारे ४२ हजार किलो चहा समुद्रात ओतला.

हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा प्रसंग पुस्तकात एका ओळीत येतो, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. इंग्लंडने शिक्षा म्हणून १७७४ मध्ये बोस्टनचे बंदर बंद केले. गावाचा व्यापार बुडाला, हाताला काम राहिले नाही. इतर वसाहतींना गप्प बसता आले असते. बोस्टनच्या भानगडीत आपण का पडावे, असे म्हणता आले असते. पण त्यांनी धान्य आणि जनावरे पाठवली. दूर दक्षिणेतील साउथ कॅरोलिनाने तांदूळ पाठवला. आपण धान पिकवणारी माणसे आहोत. धानाचे पोते दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एका गावावर आलेले संकट सर्वांचे आहे, हे त्या तांदळाने भाषणांपेक्षा अधिक स्पष्ट सांगितले.

हे सहज घडलेले नव्हते. १७७२ पासून गावोगाव पत्रव्यवहार समित्या स्थापन झाल्या होत्या. एका गावात काय घडले ते दुसऱ्या गावाला लिहून कळवायचे, तेथे ते सभेत वाचून दाखवायचे, असा क्रम चालू होता. सप्टेंबर १७७४ मध्ये तेरांपैकी बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन या गृहस्थाची 'कॉमन सेन्स' नावाची पुस्तिका निघाली. राजाशिवाय राज्य चालू शकते, हे त्याने साध्या माणसाच्या भाषेत मांडले. ती पुस्तिका दुकानात, खानावळीत मोठ्याने वाचली जाई, आणि ज्याला वाचता येत नव्हते तोही ऐकत असे. सहा महिन्यांनी, ४ जुलै १७७६ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. या टॉमस पेनचे नाव ध्यानात ठेवा. पुढे त्याची पुण्यात गाठ पडणार आहे.

सुरत, वडगाव आणि सालबाई

आता आपल्या बाजूला काय चालले होते ते पाहू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीसाठी हपापलेले रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेला त्यांनी तह केला. साष्टी आणि वसई इंग्रजांना द्यायची, त्यांनी रघुनाथरावांना गादीवर बसवायचे. लेक्झिंग्टनची गोळी त्यानंतर सहा आठवड्यांनी सुटली आहे. म्हणजे दोन्ही युद्धे जवळजवळ एकाच वेळी पेटली.

रणांगणात मराठे कमी पडले, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडून तह लिहून घेतला. १७८० मध्ये नाना फडणवीसांनी फार मोठा बेत आखला. पुण्याचे पेशवे, म्हैसूरचा हैदरअली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे मुधोजी भोसले, या चौघांनी चार बाजूंनी एकदम इंग्रजांवर उठायचे. हैदरने मद्रासकडे, भोसल्यांनी बंगालकडे जायचे. हिंदू-मुसलमान असा भेद या बेतात नव्हता. समान शत्रू ओळखणारी ती माणसे होती.

हैदरअलीने आपला शब्द पाळला. १७८० च्या जुलैत तो कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबर रोजी पोल्लिलूरच्या लढाईत त्याने कर्नल बेलीची फौज बुडवली. इंग्रजांना भारतात इतका मोठा मार क्वचितच बसला होता.

आणि नागपूरची फौज? मुधोजींनी पुत्र चिमणाबापूंना घोडदळ देऊन कटककडे पाठवले खरे, पण ती फौज मुद्दाम सावकाश चालली. बंगाल त्या वेळी उघडा होता. वॉरन हेस्टिंग्ज पेचात होता. त्याने तलवारीऐवजी थैली पुढे केली. लाखो रुपये भोसल्यांकडे गेले आणि नागपूरची फौज बंगालवर न चालता परतली. इतकेच नाही, तर हैदरवर चालून जाणारी कर्नल पीअर्सची इंग्रज फौज १७८१ मध्ये त्याच ओरिसाच्या वाटेने मद्रासला सुखरूप पोचली. तिकडे निजामालाही गुंटूरचा मुलूख परत देऊन इंग्रजांनी गप्प केले. चौघांपैकी दोघे असे गळाले. अखेर १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला पेशव्यांचा इंग्रजांशी तह झाला, आणि हैदरने जिंकलेला मुलूख सोडावा असे त्यात लिहिले गेले. डिसेंबरात हैदरअली वारला.

येथे एक योगायोग सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने एका लढाऊ जहाजाला 'हैदर अली' असे नाव दिले होते. इंग्रजांशी झुंजणारा हा म्हैसूरचा वीर त्यांना आपलाच वाटत होता. ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या उपसागरात या जहाजाने आपल्याहून बळकट असे इंग्रजांचे 'जनरल मंक' हे जहाज जिंकले. हैदरच्या नावाचे जहाज दूर अमेरिकेत विजयी झाले, आणि पुरते सहा आठवडे उलटायच्या आत त्याच्या सोबत्यांनी सालबाईला त्याला एकटे पाडले.

थैली घेऊन नागपूरने काय साधले? १८०३ मध्ये आडगावच्या लढाईनंतर देवगावच्या तहाने त्याच भोसल्यांकडून इंग्रजांनी कटक घेतले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही काढून घेतला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि उरलेले राज्यही खालसा झाले. आपला मुलूख इंग्रजी अमलात गेला तो असा.

लॉर्ड कॉर्नवॉलिसचे नाव दोन्ही कथांत आहे. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये त्याने टिपू सुलतानाचे अर्धे राज्य घेतले आणि त्याची दोन लहान मुले ओलीस ठेवली. या वेळी पेशवे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने लढत होते. अमेरिकेत हरलेला सेनापती येथे जिंकला, कारण येथे त्याला सोबती मिळाले.

ही तुलना काटेकोर नाही, हे मी जाणतो. तिकडच्या वसाहतींची भाषा एक, राजा एक. आपल्याकडे निरनिराळी राज्ये होती. अमेरिकनांना फ्रान्सच्या सैन्याची आणि आरमाराची मोठी मदत झाली. तेथेही इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले पुष्कळ लोक होते. परंतु एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. आपल्याकडे एकी होती ती चार दरबारांची. पुण्याला बातमीपत्रे येत, वकील खलिते लिहीत, पण ते दरबारात वाचले जात. थैली देऊन एक दरबार फोडला की एकी फुटली. तिकडे पत्र गावच्या सभेत वाचले जाई. हजारो घरांनी वाचलेली आणि ऐकलेली गोष्ट विकत घेणे कठीण असते.

जाहीरनाम्याबाहेरची माणसे

आता दुसरा प्रश्न. विजयाचे फळ कोणाला मिळाले? सर्व माणसे समान आहेत, असे जाहीरनाम्यात म्हटले होते. त्या वेळी तेरा वसाहतींत सुमारे २५ लाख लोक होते आणि त्यांतले सुमारे पाच लाख गुलाम होते. बोस्टनला गेलेला तो कॅरोलिनाचा तांदूळसुद्धा गुलामांच्या हातांनी पिकलेला होता. जाहीरनामा लिहिणारे टॉमस जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक. १७८७ च्या संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशोब धरला गेला. गुलामी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये. स्त्रियांचा मताधिकार देशाच्या संविधानात लिहिला गेला तो १९२० मध्ये.

याच जेफरसनांनी व्हर्जिनियात धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला आणि तो १७८६ मध्ये मंजूर झाला. ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान, हिंदू या सर्वांना त्याचे संरक्षण अभिप्रेत होते, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. विचार मोठा होता. माणसे मात्र त्या विचाराएवढी मोठी झालेली नव्हती.

जे बाहेर राहिले त्यांतल्या दोघांची हकीकत सांगतो. अयूबा सुलेमान दियालो हा सेनेगलमधील एका विद्वान मुसलमान घराण्यातला तरुण. कुराण त्याला मुखोद्गत होते. तो स्वतः दोन गुलाम विकायला गेला असता परतीच्या वाटेवर पकडला गेला आणि मेरीलँडच्या तंबाखूच्या मळ्यावर विकला गेला. ही गोष्ट १७३० च्या सुमाराची. तेथून त्याने बापाला अरबीत एक पत्र लिहिले. ते पत्र बापापर्यंत पोचले नाही, लंडनला जेम्स ओगलथॉर्प यांच्या हाती पडले. त्यांनी ऑक्सफर्डहून त्याचा अर्थ लावून घेतला, आणि त्या एका पत्राच्या जोरावर अयूबाची सुटका झाली. १७३४ मध्ये तो स्वदेशी परतला. त्याच्यासारखेच हजारो त्या मळ्यांवर राबून मेले. त्याला वाचवले ते त्याच्या अक्षरांनी.

दुसरी एक मुलगी. १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून आणून बोस्टनमध्ये विकली गेली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. ज्या जहाजातून आणली, त्याचेच नाव तिला दिले: फिलिस. व्हीटली नावाच्या मालकाच्या घरच्यांनी तिला वाचायला शिकवले आणि ती कविता करू लागली. गुलाम मुलगी कविता लिहिते यावर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा बोस्टनच्या १८ प्रतिष्ठितांनी सही करून दाखला दिला, आणि तो पुस्तकात छापला गेला. १७७३ मध्ये लंडनला तिचे पुस्तक निघाले. त्याच्या प्रती बोस्टनला आल्या त्या 'डार्टमाउथ' जहाजातून, म्हणजे ज्या जहाजावरचा चहा समुद्रात गेला त्याच जहाजातून. चहाची गोष्ट जगाला ठाऊक झाली. त्याच जहाजातल्या पुस्तकाची गोष्ट आपल्या मुलींना कळावी, म्हणून ती येथे सांगितली.

मुनशी गफ्फार बेग

आता टॉमस पेनची पुण्यातली गाठ. पेनने पुढे १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' म्हणजे मानवाचे हक्क या नावाचा ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या सरकारने त्याबद्दल त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. तो ग्रंथ १८४७ मध्ये पुण्यातील वीस वर्षांच्या एका माळी तरुणाने वाचला. त्याचे नाव जोतीराव फुले.

हा तरुण तो ग्रंथ वाचू शकला याला एक कारण आहे, आणि आपल्या समाजाने ते अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. जोतीचे शिक्षण मध्येच सुटले होते. तो वडिलांबरोबर मळ्यात राबत होता. शेजारी मुनशी गफ्फार बेग नावाचे उर्दू-फारसीचे शिक्षक राहत. मुलाची बुद्धी त्यांनी ओळखली. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका साहेबांनी वडील गोविंदराव यांची समजूत घातली की, या मुलाला पुन्हा शाळेत घाला. १८४१ मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला. १८४८ मध्ये त्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली.

मुनशीजींच्या हातात ना सत्ता होती, ना पैसा. शेजाऱ्याच्या दारात जाऊन चार शब्द बोलणे एवढेच त्यांनी केले. मुलगा आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा नाही, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. फुल्यांना गुरू मानणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. हे विद्यापीठही वसाहतीच्या काळातलेच, १७५४ चे. समता आणि बंधुता ही त्यांच्या अभ्यासाची आणि जगण्याची सूत्रे झाली, आणि संविधानाच्या मसुद्याचे काम त्यांच्याकडे आले. १९५४ मध्ये बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले ते आपल्या भंडाऱ्यातून. ते निवडून आले नाहीत. पण ज्या संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क दिला, ज्यावर आपल्यासारख्या संस्था उभ्या आहेत, त्याचा शिल्पकार आपल्या जिल्ह्यात मत मागायला आला होता, हे विद्यार्थ्यांना माहीत असावे.

आपण काय करायचे

मॅसॅच्युसेट्सच्या पन्नास घरांच्या गावात १६४७ मध्ये जे सुरू झाले, ते फुल्यांनी १८८२ मध्ये मागितले आणि आपल्या देशात ६ ते १४ वयाच्या मुलांचा हक्क म्हणून १ एप्रिल २०१० पासून अमलात आले. हक्क आता कागदावर आहे. जाहीरनाम्याची गोष्ट आपल्याला हेच शिकवते की, कागदावरचा हक्क ज्याला वाचता येतो आणि मागता येतो, त्याच्याच घरी आधी पोचतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. रोवणीच्या दिवसांत वर्गातले बाक रिकामे होतात. उन्हाळ्यात तेंदूपानाच्या हंगामात मुले जंगलात जातात. घरची अडचण मी समजू शकतो. पण एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरायला प्रत्येक मुलाला मुनशी गफ्फार बेग भेटत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर दहावी झाली की पुरे, असे अजूनही काही घरांत म्हटले जाते. कॉलेज लांब आहे, जाण्यायेण्याची सोय नाही, ही अडचण खरी आहे. मग चार घरांनी मिळून चार मुलींची सोय का करू नये? एकटीला पाठवायला मन धजत नसेल, तर चौघींना एकत्र पाठवा. बोस्टनला तांदूळ पाठवणाऱ्यांनी याहून वेगळे काय केले?

आणि आपल्या शेजारी, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, एखादे हुशार पोर शाळा सोडून कामाला लागलेले दिसले, तर त्याच्या बापाशी जाऊन बोला. ते बोलणे वाया जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. आजी-आजोबांना ऐकू द्या, आईला ऐकू द्या. ग्रामसभेची नोटीस लागली तर ती वाचून घरी सांगा. रेशन कार्डावर, सातबाऱ्यावर काय लिहिले आहे ते वाचून पाहा. समजले नाही तर शिक्षकांना विचारा. आणि इतिहासाचा पेपर लिहिताना १७७६ चा आकडा जरूर लिहा, पण त्या आकड्याच्या आत कोण होते आणि बाहेर कोण राहिले, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुस्तक मिटू नका.



जय हिंद. जय महाराष्ट्र.